कढीपत्ता खाल्ला जाऊ द्या: मुंबईतल्या ग्रिलमध्ये फुलपाखरांची बाग कशी करायची

मार्च लागला की कढीपत्त्याला कोवळी पोपटी पालवी फुटते आणि लगेच सगळीकडे एकच प्रश्न सुरू होतो, पानं कोणीतरी कुरतडतंय, काय मारू? उत्तरंही ठरलेलीच, कडुनिंबाचं तेल मारा, साबणाचं पाणी मारा, हिंगाचं पाणी मारा, दर रविवारी मारा. काहीही मारू नका! ते कुरतडणारं बहुतेक वेळा लाइम बटरफ्लाय नाहीतर कॉमन मॉरमॉन या फुलपाखरांची अळी असते, आणि फुलपाखरं यावीत म्हणून तुम्ही बाग करत असाल तर तेच व्हायला हवं होतं.

कुंड्या, माती, खत तुम्हाला माहीत आहे, त्यात जात नाही. खिडकीच्या ग्रिलमध्ये चार-पाच तास ऊन हवं, बस. पश्चिमेकडची खिडकी असेल तर एप्रिलपासून दुपारी हिरवी नेट लावा.

झाडं

फुलझाडं लावली की फुलपाखरं येतात हे अर्धंच खरं आहे. येतात, रस पितात आणि जातात. मुक्काम करायचा तर त्यांना अंडी घालायला झाड लागतं आणि प्रत्येकीचं झाड ठरलेलं असतं. लाइम आणि मॉरमॉनला लिंबू किंवा कढीपत्ता, प्लेन टायगरला रुई, रेड पिएरोला पानफुटी, टॉनी कोस्टरला कृष्णकमळ. सोसायटीच्या कंपाउंडला तो उंच सरळसोट खोटा अशोक असतो ना, त्यावर टेल्ड जे वाढतं, म्हणजे ते झाड तुम्हाला फुकटातच मिळालंय. आणि नशीब असेल तर लिंबावर ब्लू मॉरमॉनही येतं, आपली राणी पाकोळी, २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू. धारावीच्या निसर्ग उद्यानाच्या जागी एके काळी डम्पिंग ग्राउंड होतं, तिथे झाडं लावली आणि आज फुलपाखरं आहेत, त्यामुळे आमच्या एरियात काही येत नाही हे मला सांगू नका.

सुरुवात कढीपत्ता आणि लिंबापासूनच करा. सरबत केलं की बिया तशाच ओल्या मातीत टोचा, दोन-तीन आठवड्यांत उगवतात. ही रोपं लिंबं धरायला नकोत, पानं आली की काम झालं. रसासाठी हमेलिया, पेंटास, सदाफुली. आणि तुळशीची एक तरी कुंडी अशी ठेवा जिच्या मंजिऱ्या खुडायच्या नाहीत, त्यावर फुलोरी मधमाश्या सकाळपासून असतात. घाणेरी मात्र आणू नका, फुलपाखरं बसतात हे खरं पण आपल्या जंगलांची तिने काय अवस्था केलीय ते एकदा बघून या.

नर्सरीतून रोप आणलं असेल तर त्यावर औषध मारलेलं असणार असंच धरून चाला. काही औषधं झाडाच्या रसात उतरतात, पान धुऊन जात नाहीत, कित्येक आठवडे आत राहतात. त्यामुळे दोन-तीन महिने जाऊ द्या, जुनी पानं काढून नवी पालवी येऊ द्या, तोवर दुसऱ्या रोपावरची अळी उचलून त्यावर ठेवू नका. बियांपासून वाढवलेल्या रोपाला ही भानगड नाही म्हणून मी त्याचाच आग्रह धरते.

अळी ते कोष, खरं काम इथे

मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते याच टप्प्यात, आणि बहुतेकांची फुलपाखरं इथेच जातात.

मादी कोवळ्या पानांवर एकेक सुटं अंडं घालते, जेमतेम एक मिलिमीटरचं, गोल, फिकट पिवळं. तीन-चार दिवसांत अळी निघते. सुरुवातीला ती अळी वाटतच नाही, काळपट तपकिरी अंग आणि मधे पांढरा पट्टा, कोणालाही वाटावं की चिमणीने घाण केलीय. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणूनच तिचा तो रंग असतो, आणि आपण मात्र बाग स्वच्छ करायची म्हणून पाइप घेऊन धुऊन टाकतो! शेवटची कात टाकली की ती एकदम हिरवीगार होते आणि मग खायचा धडाका लावते, रात्री भरलेली फांदी सकाळी नुसती देठं. बोट लावलंत तर डोक्यामागून दोन केशरी-लाल शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. घाबरू नका, ती चावत नाही, खाजही येत नाही.

आता कडुनिंबाचं तेल. ऑरगॅनिक आहे म्हणजे निरुपद्रवी आहे हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. त्यातलं अझाडिरेक्टिन कीटकांची कात टाकण्याची क्रियाच बिघडवतं, म्हणून तर ते कीटकनाशक आहे. तुम्ही माव्यासाठी, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किडीसाठी मारलंत तरी शेजारच्या पानावरची फुलपाखराची अळी ते पान खाणारच आहे. एका हाताने बोलवायचं आणि दुसऱ्या हाताने मारायचं, असं करायचं असेल तर बाग साधी फुलांची करा, फुलपाखरांना उगाच आशेला लावू नका.

अळी दिवसभर एका जागी निपचित बसलेली दिसली तर ती मेलेली नाही, कात टाकायच्या तयारीत आहे. हलवू नका. दुसऱ्या कुंडीत न्यायचीच असेल तर ती बसलीय ते पान कापून पानासकट न्या, ओढून काढू नका.

दुसरी अडचण खाण्याची. फूटभराच्या रोपावर चार-पाच अळ्या असल्या की पानं पुरत नाहीत, आणि अळी जास्वंदीवर जाऊन पोट भरणार नाही, उपाशी मरेल. म्हणून तर लिंबाची जादा रोपं हवीत. बाजारातली कढीपत्त्याची जुडी घालू नका, तिच्यावर काय फवारलंय कोणास ठाऊक. ओरबाडलेल्या झाडाची काळजी करू नका, मूठभर शेणखत घाला, पुन्हा फुटतं.

दोन-अडीच आठवड्यांनी अळी खाणं सोडते, एकदा पातळ शी करते आणि झाडावरून उतरून चालायला लागते. ग्रिलचा गज, कुंडीचा काठ, कपडे वाळत घालायची दोरी, कुठेही जाऊन कोष करते. हे दोन दिवस झाडू जपून मारा, घरकामाला येणाऱ्या ताईंनाही सांगून ठेवा. कोष हिरवा असेल किंवा तपकिरी, जागेप्रमाणे बदलतो, शेपटीकडे चिकटलेला आणि कमरेला रेशमाचा एक धागा. साधारण दहा दिवस लागतात. कधी कोषाला गोल भोक पडतं आणि फुलपाखरू निघतच नाही, आत परजीवी गांधीलमाशी वाढलेली असते. वाईट वाटतं, मान्य आहे, पण तीही याच बागेतली आहे, तिच्यासाठीही औषध नको.

बरणीत अळ्या ठेवून वाढवायचे व्हिडिओ बघून नादाला लागू नका. आपल्या दमट हवेत बरणीत शी साठते, बुरशी धरते आणि अळ्या पटापट जातात. आणि बुलबुल, शिंपी, दयाळ या पक्ष्यांची पिल्लं अळ्यांवरच वाढतात, चार त्यांनी नेल्या तर नेल्या.

बाकीचं

मिलीबग, म्हणजे कापसासारखी पांढरी कीड, आला तर आधी मुंग्या बघा, त्याच त्याला राखतात. मुंग्यांची वाट तोडा, मिलीबग जुन्या टूथब्रशने आणि पाण्याच्या धारेने काढा. मावा दिसला तर आठवडाभर थांबा, लेडीबगच्या अळ्या येऊन साफ करतात. कोपऱ्यातली कोळिष्टकं सगळीच काढू नका, शिंजिराला घरटं बांधायला ती लागतात.

पक्ष्यांसाठी पाण्याचं भांडं उथळ आणि मातीचं, दोन बोटं पाणी, मधे एक दगड, सावलीत. रोज बदला आणि आतून काथ्याने घासा, नुसतं ओतून उपयोग नाही, डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. कुंड्यांखालच्या ताटल्या काढूनच टाका.

दाणे अजिबात टाकू नका. दाण्यांवर बहुतेक वेळा कबुतरंच येतात, आणि त्यांच्या विष्ठेने फुप्फुसाचे आजार होऊ शकतात.

सोसायटीचा पेस्ट कंट्रोलवाला आला की ग्रिलकडे पंप फिरवू द्यायचा नाही, दारातच सांगायचं. मे महिन्यात गावाला जाणार असाल तर पक्ष्यांचं भांडं पालथं घालून जा आणि शेजाऱ्यांना चावी देताना कागदावर लिहून द्या, रोज सकाळी मुळाशी पाणी घालायचं, पानांवर काही मारायचं नाही, कुरतडलेलं दिसलं तर तसंच राहू द्यायचं.