पंपिंग स्टेशनचे सुटे भाग: सरकारी खरेदीत या चुका टाळा

कोल्हापूरला पाणी पुरवणारं शिंगणापूर असो वा बालिंगा, उपसा केंद्रावर पंप बंद पडला की बोलणी खातो तो तिथला ऑपरेटर. भाग वेळेवर का मिळाला नाही, याचं उत्तर मात्र बहुतेकदा काही महिने आधी भरलेल्या मागणीपत्रकात असतं. दर, मंजुरी, निविदेच्या अटी यांवर सगळे डोळ्यांत तेल घालून बसतात, आणि नेमकं काय हवंय ती ओळ घाईत खरडली जाते. अर्धी खरेदी तिथंच फसते, असं माझं स्पष्ट मत आहे.

नुसत्या मापावर बेअरिंग मागवणं

मागणीत ‘बेअरिंग, 60 × 130 × 31 मिमी’ एवढंच लिहिलं, तर पुरवठादार 6312 देईल, 7312 देईल किंवा एनयू 312 देईल, आणि कागदावर तिन्ही वेळा तोच बरोबर ठरेल. तिन्हींची मापं एकच. हाउसिंगमध्ये, म्हणजे बेअरिंगच्या खोबणीत, तिन्ही चपखल बसतात. पण 6312 हे साधं डीप ग्रूव्ह बॉल बेअरिंग, 7312 एका दिशेचा थ्रस्ट, म्हणजे शाफ्टच्या दिशेचा जोर, पेलण्यासाठी बनवलेलं, आणि एनयू 312 हे रोलर बेअरिंग शाफ्टच्या दिशेचा भार घेतच नाही. उभ्या टर्बाइन पंपात शाफ्टचं वजन आणि पाण्याचा थ्रस्ट, सगळा भार खाली ओढत असतो. तिथं चुकीचं बेअरिंग बसलं की आधी ते तापतं, मग आवाज करतं आणि शेवटी शाफ्टही खराब करतं.

म्हणून क्रमांक पूर्ण लिहा, पुढचं सी3 किंवा 2आरएससुद्धा. सी3 म्हणजे आतली जागा नेहमीपेक्षा जास्त. गरम चालणाऱ्या मोटरीत ती लागते. 2आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. जुन्या बेअरिंगच्या कडेवरचा क्रमांक पुसून वाचा, पण त्यावरच विसंबू नका. मागच्या वेळी अडचणीत मिळालं ते बसवलेलं असू शकतं. मॅन्युअलशी ताडून बघा. सोबत पंपाच्या नेमप्लेटचा फोटो जोडा, त्यात मॉडेल आणि सिरियल नंबर दिसू द्या.

जुना इम्पेलरच पॅटर्न म्हणून देणं

शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर हाकेच्या अंतरावर असताना कोल्हापूरकरानं कास्टिंगसाठी लांब जायची गरज नाही, आणि याचा मला अभिमान आहे. पण झिजलेला इम्पेलर, म्हणजे पंपात पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, फौंड्रीत नेऊन ‘असाच करून द्या’ म्हणू नका. धातू थंड होताना आकसतो, कास्ट आयर्न साधारण एक टक्का, ब्राँझ त्याहून थोडं जास्त. जुन्या भागावरूनच साचा घेतला तर नवा तेवढा लहान येतो, वर जुन्याची झीजही त्यात उतरते. ड्रॉइंग नसेल तर आधी ते करून घ्या, वेअर रिंगकडचं (इम्पेलरभोवतीच्या, झिजल्यावर बदलता येणाऱ्या कड्याकडचं) अंतर लिहा. धातूचा ग्रेडही लिहा, जसं एलटीबी-2 (ब्राँझ) किंवा सीएफ8एम (स्टेनलेस स्टील), आणि हीट नंबरसह (धातूच्या त्या ओतीचा क्रमांक) तपासणी दाखला मागा. एवढं कागदावर असेल तर सर्वात कमी दराची निविदाही निर्धास्त घेता येते. नसेल तर स्वस्तातला माल नाकारायला तुमच्या हातात काहीच उरत नाही.

प्रोप्रायटरी सर्टिफिकेट, म्हणजे हा भाग एकाच कंपनीकडे मिळतो असा दाखला, जपून द्या. मूळ कंपनीशिवाय खरंच मिळत नाही असे भाग असतात, पण ग्लँड पॅकिंग, कपलिंगचे रबर बुश, कॉन्टॅक्टर यांना ते लावणं म्हणजे लेखापरीक्षणाला आमंत्रण. तीच गोष्ट तुकडे पाडण्याची. केंद्राच्या जनरल फायनान्शियल रूल्स 2017 मधला नियम 157 असो वा राज्याची 1 डिसेंबर 2016 ची खरेदी नियमपुस्तिका, मंजुरी टाळण्यासाठी एकाच मागणीचे तुकडे करणं दोन्हींना मान्य नाही. वारंवार लागणाऱ्या किरकोळ मालासाठी वर्षाचा दर करार करा.

मार्चची वाट बघणं

निधी संपवायचा म्हणून फेब्रुवारीत फाइल हलते आणि माल ऐन पावसाळ्यात येतो. कोल्हापुरात हे परवडणारं नाही. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरात उपसा केंद्रांत पाणी शिरलं आणि शहर टँकरवर आलं. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. त्यामुळे मागणी दिवाळीच्या आसपास तयार हवी, माल मेअखेर स्टोअरमध्ये. आणि जादा मोटर उपसा केंद्राच्या तळघरात ठेवू नका. पूररेषेच्या वर, कोरड्या जागी ठेवा, शाफ्ट अधूनमधून हातानं फिरवा, वापरण्याआधी मेगर लावून इन्सुलेशन तपासा.

माल आल्यावर खोकं न उघडता पोच देणं ही शेवटची आणि महागडी चूक. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर स्वीकृतीला ठराविक मुदत असते, ती गेली की तक्रारीचा जोर ओसरतो. तेव्हा त्याच दिवशी फिटरला बोलवा. व्हर्निअर लावून माप घ्या, क्रमांक मागणीशी जुळवा, रबरी सील आणि ओ-रिंगच्या पाकिटावरची उत्पादनाची तारीख बघा. साठा नोंदवहीत ‘बेअरिंग – 4 नग’ असं लिहू नका. पूर्ण क्रमांक आणि कुठल्या पंपाचं ते लिहा.