डेन्व्हरच्या घड्याळ-मनोऱ्याखालची बर्लेस्क रात्र

अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराच्या डाउनटाउनमध्ये सोळाव्या रस्त्यावर १९१० च्या सुमारास बांधलेला डी अँड एफ (डॅनियल्स अँड फिशर या दुकानाचा) मनोरा आहे. व्हेनिसच्या सेंट मार्क्स घंटाघरासारखा. शेजारचं ते दुकान कधीच पाडलं गेलं, मनोरा तेवढा राहिला. त्याच्या तळघरात क्लॉकटॉवर कॅबरे चालतो. तिथे बर्लेस्क, म्हणजे नाच, विनोद आणि नखऱ्यानं कपडे उतरवण्याचा रंगमंचावरचा खेळ, बघायला मिळतो.

जाताना मूळ पासपोर्ट खिशात ठेवा. केस पिकलेले असले तरी दारावर वय तपासतात, आणि आधार कार्ड किंवा मोबाइलमधला फोटो दाखवून भागेल असं समजू नका. जागा छोटी, म्हणून तिकीट आधीच काढा. पुढच्या रांगेत बसलात तर कलाकार थट्टामस्करीत तुम्हाला ओढणारच. लाजाळू असाल तर मागचं टेबल बरं.

लावणीच्या फडासारखंच इथे शिट्ट्या-आरोळ्यांना मोकळीक असते. गप्प बसणं उलट रुक्षपणाचं! मात्र कलाकाराला हात लावायचा नाही, आणि विचारल्याशिवाय फोन वर करायचा नाही.

पेयांच्या बिलावर १८-२० टक्के टिप धरूनच बजेट आखा. आणखी एक: शहर १,६०९ मीटरवर, महाबळेश्वरपेक्षाही उंच. हवा कोरडी, त्यामुळे दोन पेगांच्या मध्ये ग्लासभर पाणी प्याच.