आवळा तोडणी व प्रक्रिया : क जीवनसत्त्व टिकवण्यासाठी काय करावे

नोव्हेंबर ते जानेवारी हा आवळा काढणीचा काळ. आवळ्याला भाव मिळतो तो क जीवनसत्त्व आणि पॉलिफेनॉल या तुरट घटकांमुळे, आणि काढणीपासून पॅकिंगपर्यंत सगळ्यात आधी हातातून जाते तेही क जीवनसत्त्वच. त्याचे कारण कळले की पुढची काळजी आपोआप समजते.

शरीरातील पेशी ऑक्सिजन वापरताना काही अस्थिर रेणू तयार होतात. धूर, तंबाखू आणि कडक ऊन यांनी ते वाढतात. त्यांना मुक्त मूलके म्हणतात. एका इलेक्ट्रॉनची उणीव भरून काढण्यासाठी ती पेशीच्या आवरणातील स्निग्धांश, प्रथिने आणि डीएनएवर तुटून पडतात. क जीवनसत्त्व आपला इलेक्ट्रॉन देऊन त्यांना शांत करते आणि आवरणातील खर्ची पडलेले ई जीवनसत्त्वही पुन्हा कामाला लावते. पण इलेक्ट्रॉन सहज देण्याच्या याच गुणामुळे ते हवेतल्या ऑक्सिजनलाही तितक्याच सहज बळी पडते. लोखंड किंवा तांब्याचा संपर्क आला की हा नाश फार वेगाने होतो.

म्हणून झाड काठीने झोडपू नका. जमिनीवर आपटलेले फळ आतून फुटते, डाग तपकिरी पडतात आणि तिथूनच कूज सुरू होते. शिवाय आवळ्याच्या फांद्या ठिसूळ असतात, त्या मोडतात. फळे हाताने तोडून कागद अंथरलेल्या क्रेटमध्ये सावलीत ठेवा. हिरवा रंग फिका होऊन पिवळसर, काहीशी पारदर्शक झाक आली आणि बी पांढरट न राहता तपकिरी झाले की फळ पक्व समजा. साध्या तापमानात माल आठवडाभरच चांगला राहतो.

कँडीसाठी फळे पाण्यात उकळून ते पाणी ओतून देणे ही सर्रास होणारी चूक. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळते, म्हणजे पाण्याबरोबर तेही गेले. त्याऐवजी ८ ते १० मिनिटे वाफवा आणि पाकळ्या सुटू लागताच थांबा. वाफेने फळ काळे पाडणारी विकरेही (एन्झाइम) निकामी होतात. सुरी आणि पातेली स्टेनलेस स्टीलचीच हवीत. साध्या लोखंडाने फळातले टॅनिन, म्हणजे तुरट पॉलिफेनॉल, निळे-काळे पडते. तांब्या-पितळेची भांडी तर वापरूच नका.

१ लिटर पाण्यात १ किलो साखर घातली की ५० ब्रिक्सचा, म्हणजे वजनाने ५० टक्के साखरेचा, पाक होतो. थंड पाकात फोडी २४ तास बुडवा. दुसऱ्या दिवशी पाक निथळून, साखर घालून तो ६० ब्रिक्सवर आणा. तिसऱ्या दिवशी ७० वर. घाईने पहिल्याच दिवशी घट्ट पाक ओतला, तर फोडीतले पाणी झपाट्याने बाहेर येते आणि फोडी आक्रसून चामड्यासारख्या होतात. शेवटी निथळून, वरचा चिकटपणा पाण्याने झटपट धुऊन, ड्रायरमध्ये ६० अंश सेल्सिअसला हाताला चिकटणार नाहीत इतपत वाळवा. उघड्या उन्हात वाळवू नका. पॅकिंग हवाबंद आणि प्रकाश रोखणारे असावे.

एवढे करूनही कँडीत ताज्या फळाइतके क जीवनसत्त्व राहत नाही. पॉलिफेनॉल मात्र त्यामानाने बरेच टिकतात. गिऱ्हाइकाला हे खरे सांगा. प्रौढाची रोजची गरज पुरुषाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम आहे, ती एका मोठ्या ताज्या आवळ्यात सहसा भागते. लेबलवर ‘कॅन्सर बरा करते’ असे चुकूनही छापू नका. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना बीटा कॅरोटीन या मुक्त मूलके शांत करणाऱ्या दुसऱ्या घटकाच्या गोळ्या दिल्या, तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग कमी न होता वाढल्याचे १९९४ मध्ये दिसून आले. फळ खाणे आणि त्यातला एकच घटक भरमसाट घेणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी क जीवनसत्त्वाच्या जास्त मात्रेच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

तोडणी करताना काही फळे कापून पाहा. बाहेरून चांगले दिसणारे फळ आतून तपकिरी निघाले, तर ती बहुधा बोरॉनची कमतरता असते. यंदाच्या फळांवर उपाय नाही, ती वेगळी काढा. पुढच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये १० लिटर पाण्यात ६० ग्रॅम बोरॅक्स मिसळून १० ते १५ दिवसांच्या अंतराने फवारण्या घ्या.