अमेरिकेत राज्य बदलायचं का आणि कुठे जायचं? घर विकायला काढण्याआधी मांडायचे हिशेब

‘टेक्ससला स्टेट टॅक्स नाही’ या वाक्याने कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीतल्या मराठी घरांत राज्य बदलायची चर्चा सुरू होते, आणि कधी कधी तेवढ्यावरच निर्णयही होऊन जातो. वाक्य खरं आहे. पगारावर राज्याचा आयकर न घेणारी नऊ राज्यं आहेत: टेक्सस, फ्लोरिडा, वॉशिंग्टन, टेनेसी, नेवाडा, अलास्का, वायोमिंग, साउथ डकोटा आणि न्यू हॅम्पशायर. पण राज्य हे फार मोठं माप आहे. एल पासो आणि ह्यूस्टन एकाच राज्यात, पण मधे सातशेहून जास्त मैल. हवा, नोकऱ्या, घरांच्या किमती सगळंच वेगळं. शेवटी राहायचं असतं ते एका गावात, एका पत्त्यावर. हिशेबही त्या पत्त्याचाच मांडायचा.

आधी कारण लिहून काढा

नवरा-बायको दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहा: आपण का जातोय? घर परवडत नाही, बर्फ नको झालाय, आई-बाबा सहा-सहा महिने येऊन राहतात, भाऊ अटलांटात आहे, नोकरीत कंटाळा आलाय. मग कागद अदलाबदल करून वाचा. दोघांची कारणं जुळत नसतील तर नकाशा उघडायची घाई नको.

प्रत्येक कारणापुढे आणखी एक प्रश्न लिहा: हे राज्य न सोडता सुटेल का? कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये घर परवडत नसेल तर त्याच राज्यातलं सॅक्रामेंटो हेही उत्तर असू शकतं. नोकरीचा कंटाळा असेल तर नोकरी बदलणं स्वस्त पडतं. एवढं करूनही जी कारणं शिल्लक राहतील, त्यांतली पहिली दोनच धरा. दहा निकषांचे तक्ते करून गुण देणारे लोक मला भेटतात. त्यांचा तक्ता नेहमी त्यांनी आधीच ठरवलेल्या गावालाच पहिला नंबर देतो.

व्हिसावर असाल तर इथेच थांबून वकिलाला विचारा

एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर तुमची परवानगी कामाच्या ठिकाणाशी बांधलेली असते. घरून काम करत असलात तरी घर हेच कामाचं ठिकाण. सध्याच्या महानगर क्षेत्राबाहेर जायचं तर कंपनीला नव्या ठिकाणासाठी एलसीए (पगार आणि कामाच्या अटींबद्दलचा कामगार खात्याकडचा अर्ज) आणि सुधारित पिटिशन (व्हिसाचा अर्ज) दाखल करावं लागतं, तेही तुम्ही तिथून काम सुरू करण्याआधी. सिमियो या इमिग्रेशन प्रकरणातल्या २०१५ च्या निर्णयापासून यात संदिग्धता उरलेली नाही. ‘मॅनेजर हो म्हणालाय’ याला इथे काही अर्थ नाही.

ग्रीन कार्डचं पर्म (कंपनीने कामगार खात्याकडून घ्यायची मंजुरी) चालू असेल तर ते ठरावीक जागेच्या नोकरीसाठी असतं. जागा बदलली तर ते पुन्हा करावं लागू शकतं. आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीचं पिटिशन) मंजूर झालं असेल तर प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तुमची तारीख, सहसा टिकते, पण वेळ आणि खर्च नव्याने. शिवाय ग्रीन कार्डधारकांसकट अमेरिकेचे नागरिक नसलेल्या जवळजवळ सगळ्यांनाच पत्ता बदलल्यावर दहा दिवसांत एआर-११ हा पत्ताबदलाचा फॉर्म भरावा लागतो. पाच मिनिटांचं काम आहे, आणि सर्रास राहून जातं.

आता पैसे: वर्षाचा पूर्ण हिशेब

आयकर हा या हिशेबातला फक्त एक आकडा. समजा, दोघांचा मिळून वर्षाचा पगार २ लाख डॉलर आहे आणि तुम्ही कॅलिफोर्नियात आहात. राज्याचा आयकर साधारण १० हजार डॉलर बसतो. टेक्ससला गेलात की तो वाचला. आता दुसरी बाजू मांडा.

तुमचं सध्याचं घर २०२१ मध्ये ३ टक्के व्याजाने घेतलेलं असेल आणि नव्या घराला कर्ज साडेसहा टक्क्यांनी मिळणार असेल, तर ४ लाखांच्या तीस वर्षांच्या कर्जाचा महिन्याचा हप्ता १,६८६ वरून २,५२८ डॉलरवर जातो. वर्षाला १० हजारांचा फरक. वाचलेला सगळा आयकर बँकेने नेला. अर्थात तिकडे घर स्वस्त असेल तर कर्जच कमी लागेल. म्हणून तर स्वतःचे आकडे घालून बघायचं.

मग प्रॉपर्टी टॅक्स. कॅलिफोर्नियात १९७८ च्या प्रपोझिशन १३ मुळे मूळ दर एक टक्का आणि करपात्र किंमत वर्षाला फार तर २ टक्क्यांनी वाढते. जुनं घर विकलंत की ती सवलत गेली. टेक्ससच्या नव्या वसाहतींत सगळं मिळून दर २ टक्क्यांच्या पुढे सहज जातो, कारण शाळा, काउंटी, शहर यांच्याबरोबर मड नावाचा आणखी एक कर असतो. पाणी, ड्रेनेज यांसाठी काढलेलं कर्ज तिथले घरमालक या करातून फेडतात. ६ लाखांच्या घराला १२ हजार डॉलर धरा. वर एचओए, म्हणजे वसाहतीच्या सोसायटीची वर्गणी, वेगळी. न्यू जर्सीहून जाणाऱ्यांना हा धक्का कमी बसतो, कारण तिथे सरासरी बिलच वर्षाला १० हजारांच्या आसपास आहे.

टेक्ससच्या नव्या घराबद्दल एक बारीक गोष्ट. तिथे कर १ जानेवारीच्या स्थितीवर ठरतो. त्या दिवशी घर अर्धवट बांधलेलं असेल तर पहिल्या वर्षी बिल जवळजवळ जमिनीचंच येतं. पुढच्या वर्षी पूर्ण घराचं बिल आलं की एस्क्रोत, म्हणजे बँक हप्त्याबरोबर करासाठी पैसे जमवते त्या खात्यात, तूट पडते आणि हप्ता एकदम शेकडो डॉलरनी वाढतो. जुनं घर घेत असाल तर साइटवर दिसणारा कर आधीच्या मालकाच्या सवलतींसकट असतो. मालक ६५ च्या वरचे असतील तर शाळेच्या करावर मर्यादाही असते. म्हणून जुन्या बिलावर विसंबू नका, काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या (करासाठी घरांची किंमत ठरवणाऱ्या कार्यालयाच्या) साइटवर दर बघून स्वतः गुणाकार करा. राहायला गेल्यावर होमस्टेड (स्वतः राहत असलेल्या घरावरच्या) सवलतीचा अर्जही करावा लागतो.

किरकोळ वाटणारे करही धरा. व्हर्जिनियात गाडीवर दरवर्षी प्रॉपर्टी टॅक्स आहे, नॉर्थ कॅरोलायनातही आहे. जॉर्जियात नव्याने आलेल्यांना गाडीची नोंद करताना तिच्या किमतीच्या ३ टक्के द्यावे लागतात.

पगाराकडे परत येऊ. बऱ्याच कंपन्या गाव बदललं की पगारही गावाप्रमाणे कमी करतात. ते एचआरकडून लेखी घ्या. कंपनी हलण्याचा खर्च देत असेल तर ती रक्कम तुमच्या उत्पन्नात धरली जाते, त्यावरचा टॅक्स कोण भरणार ते ऑफर लेटरमध्येच ठरवून घ्या. आरएसयू (कंपनीने पगाराचा भाग म्हणून देऊ केलेले शेअर) असतील तर ग्रँट मिळाल्यापासून ते व्हेस्ट होईपर्यंत, म्हणजे प्रत्यक्ष तुमचे होईपर्यंत, जितके दिवस कॅलिफोर्नियात काम केलंत, तितक्या वाट्यावर कॅलिफोर्निया कर मागतंच. आणि न्यूयॉर्कच्या कंपनीची नोकरी ठेवून स्वतःच्या सोयीसाठी फ्लोरिडातून काम करणार असाल, तर न्यूयॉर्क तो पगार सहसा आपलाच धरतं. फ्लोरिडाचा शून्य टॅक्स तुमच्या वाट्याला येतच नाही.

घर न विकता भाड्याने देण्याचा विचार असेल तर एक तारीख लक्षात ठेवा. पाचपैकी दोन वर्षं त्या घरात राहिलं असेल तर जोडप्याला ५ लाखांपर्यंतच्या नफ्यावर फेडरल कर माफ असतो. सोडून गेल्यावर तीन वर्षांत विकलं नाही तर ती माफी हातची जाते.

पत्ता तपासा: पाणी, गारा, ऊन

इथे लोक फार कमी वेळ देतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त इथेच द्यायला हवा. २०१७ मध्ये हार्वी वादळात ह्यूस्टनच्या पश्चिमेला अॅडिक्स आणि बार्कर या जलाशयांच्या वरच्या अंगाची हजारो घरं बुडाली. त्यांतल्या बऱ्याच घरांवर पुराचा विमा नव्हता, कारण फेमा या सरकारी आपत्ती विभागाच्या नकाशावर ती धोक्याच्या पट्ट्यात नव्हती. नॉर्थ कॅरोलायनातलं अॅशव्हिल ‘हवामानाच्या दृष्टीने सुरक्षित’ म्हणून नावाजलं जात होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाने तिथे काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. फिनिक्सला २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट किंवा त्याच्या वर होता, म्हणजे ४३ सेल्सियसच्या पुढे. आमचं बालपण विदर्भात गेलं, आम्हाला काय होतंय, असं म्हणणाऱ्यांनी ऑगस्टमध्ये तिथे आठवडाभर राहून यावं.

म्हणून ऑफर देण्याआधी त्याच पत्त्यावर घराच्या विम्याचे दोन-तीन कोट मागवा. डॅलसच्या बाजूला गारा आणि वाऱ्यासाठीचं डिडक्टिबल विमा रकमेच्या टक्क्यांत असतं: ५ लाखांच्या घराला २ टक्के म्हणजे छप्पर फुटलं की पहिले १० हजार तुमचे. छप्पर किती वर्षांचं आहे आणि आधी क्लेम झालेत का, ते विकणाऱ्याला विचारा. क्लू रिपोर्ट (घरावरच्या जुन्या क्लेमची नोंद) त्यांना काढता येतो. पुराचा विमा वेगळा असतो आणि सरकारी पॉलिसी एरवी तीस दिवसांनी लागू होते, त्यामुळे वादळाची बातमी आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. कॅलिफोर्नियातल्या कॅलिफोर्नियात आगीच्या पट्ट्यात जाणाऱ्यांसाठीही हेच: तिथल्या सगळ्यात मोठ्या घरविमा कंपनीने, स्टेट फार्मने, २०२३ मध्ये नवे अर्ज घेणंच थांबवलं होतं.

मुलं आणि कॉलेज

शाळेचं रेटिंग सगळेच बघतात. त्यापेक्षा स्कूल डिस्ट्रिक्टला फोन करून विचारा की हा पत्ता नेमका कुठल्या शाळेत जातो आणि सीमा बदलायचा विचार आहे का. झपाट्याने वाढणाऱ्या उपनगरांत सीमा बदलतात.

मूल आठवीच्या पुढे असेल तर कॉलेज डोळ्यांसमोर ठेवा. नॉर्थ कॅरोलायनात चॅपल हिलच्या सरकारी विद्यापीठात बाहेरच्या राज्यांतली मुलं पहिल्या वर्षात १८ टक्क्यांपेक्षा जास्त घेत नाहीत, तेव्हा तिथले रहिवासी असण्याला किंमत आहे. ऑस्टिनच्या विद्यापीठात २०२६ च्या प्रवेशापासून टेक्ससच्या शाळेतल्या पहिल्या ५ टक्के मुलांना आपोआप जागा आहे, आधी ती मर्यादा ६ टक्के होती. पण ही हमी विद्यापीठाची, कॉम्प्युटर सायन्सची नाही. आणि आपली मंडळी ज्या डॅलसजवळच्या फ्रिस्को, प्लेनोच्या शाळांमागे धावतात तिथेच पहिल्या पाच टक्क्यांत येणं सगळ्यात अवघड. बहुतेक राज्यांत कमी फीसाठी प्रवेशाआधी निदान बारा महिने तिथे राहिलेलं असावं लागतं. एच-फोरवरच्या (एच-वन-बीधारकाच्या कुटुंबाचा व्हिसा) मुलांसाठी नियम विद्यापीठागणिक वेगळे, तेव्हा रेसिडेन्सी ऑफिसला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

जोडीदार नर्स असेल तर नवं राज्य नर्सिंग कॉम्पॅक्टमध्ये (एकाच लायसन्सवर अनेक राज्यांत काम करू देणाऱ्या करारात) आहे का बघा. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क त्यात नाहीत. शिक्षक, डेंटिस्ट, फिजिओथेरपिस्ट यांनाही लायसन्सचं आधी पाहावं लागेल.

आपली माणसं

महाराष्ट्र मंडळ, शनिवार-रविवारची मराठी शाळा, इंडियन ग्रोसरी हे आता बहुतेक मोठ्या शहरांच्या आसपास सापडतं, त्यावर फार अडून बसू नका. आई-बाबा येत असतील तर मात्र दोन गोष्टी बघा. मुंबईहून थेट विमान आहे का, की डॅलससारखं दुबई किंवा दोहाला उतरून बदलावं लागतं. आणि घराबाहेर पडून त्यांना एकट्याने चालत कुठे जाता येतं का. गाडी न चालवणाऱ्या माणसाला मोठं घर लवकर अंगावर येतं.

जाऊन राहा, मग भाड्याने, मग विकत

सुट्टीत जाऊ नका. त्या गावाच्या सगळ्यात वाईट महिन्यात जा: मिनेसोटा जानेवारीत, सिएटल नोव्हेंबरात, टेक्सस ऑगस्टमध्ये. सकाळी साडेसातला ऑफिसच्या वाटेवर गाडी घाला. मंडळाच्या वॉट्सअॅप ग्रुपवर ‘कसं आहे तिथे’ असं न विचारता ‘गेल्या वर्षी कोण सोडून गेलं आणि का’ असं विचारा. एवढ्यानंतरही पटलं तर पहिलं वर्ष भाड्याने काढा. दोनदा सामान हलवण्याचा त्रास खरा आहे, पण चुकीच्या उपनगरात घेतलेलं घर वर्षभरात विकणं त्याहून कितीतरी महाग पडतं.

सामान आणि कागद

राज्याबाहेर नेणाऱ्या मूव्हरकडे यूएसडॉट (फेडरल परिवहन खात्याचा) नंबर असतो, तो फेडरल साइटवर तपासा आणि फोनवरच्या अंदाजावर न थांबता ‘नॉट टू एक्सीड’ (याहून जास्त घेणार नाही) असं लेखी घ्या. फुकट मिळणारी जबाबदारी पौंडाला फक्त ६० सेंट असते: ५० पौंडांचा टीव्ही फुटला तर ३० डॉलर. पूर्ण किमतीचं संरक्षण मागून घ्या. दागिने, पासपोर्ट, चांदीची देवपूजा आपल्याच गाडीतून न्या.

कढीपत्त्याचं झाड मात्र कुणाला तरी देऊन टाका. लिंबू-संत्र्याच्या बागांना मारणारा रोग पसरवणारी कीड त्यावर वाढते, म्हणून कॅलिफोर्निया, टेक्सस, फ्लोरिडासारख्या राज्यांत ते आणण्या-नेण्यावर कडक निर्बंध आहेत.

नवं लायसन्स कॅलिफोर्नियात १० दिवसांत, फ्लोरिडात ३० आणि टेक्ससमध्ये ९० दिवसांत काढायचं असतं. मतदार नोंदणी, गाडी, विमा, डॉक्टर सगळं त्याच महिन्यात हलवा, कारण उद्या जुन्या राज्याने ‘तुम्ही खरंच गेलात का’ असं विचारलं तर हेच कागद दाखवायचे असतात. मृत्युपत्र आणि मुलांच्या पालकत्वाची कागदपत्रं नव्या राज्यातल्या वकिलाकडून तपासून घ्या, विशेषतः टेक्सस, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, अॅरिझोनासारख्या कम्युनिटी प्रॉपर्टी (लग्नानंतरची कमाई नवरा-बायको दोघांची धरणाऱ्या) राज्यांत जात असाल किंवा तिथून निघत असाल तर. हललेल्या वर्षी जिथे आयकर आहे त्या प्रत्येक राज्यात वर्षातला काही काळच तिथे राहिलेल्या रहिवाशाचं (पार्ट-इयर) रिटर्न भरावं लागतं, म्हणून पेरोलला नवा पत्ता पहिल्याच आठवड्यात कळवा आणि जानेवारीत डब्ल्यू-टू (वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा फॉर्म) आला की त्यावरची दोन्ही राज्यांची विभागणी तारखेप्रमाणे आहे का ते तपासा.