ॲब्सर्ड नाटकाचा अभ्यास करताय? या चुका टाळा

ॲब्सर्ड नाटकावरची, म्हणजे नेहमीचं कथानक आणि तर्क सोडून जगण्यातली निरर्थकता मांडणाऱ्या नाटकांवरची, बरीचशी टिपणं एकाच ठिकाणी घसरतात. नाटक नीट वाचून होण्याआधीच अर्थ ठरून गेलेला असतो. ‘वेटिंग फॉर गोदो’मधलं झाड म्हणजे क्रूस, दोरी म्हणजे गुलामी, ज्याची वाट पाहिली जाते तो गोदो म्हणजे देव. मग पुढचं वाचन पुरावे गोळा करण्यापुरतं उरतं आणि ठरलेल्या अर्थात जे बसत नाही ते गाळलं जातं. नेमकं तेच बहुधा नाटकाच्या गाभ्याचं असतं.

वस्तूचं भाषांतर करू नका, तिचा माग काढा

सॅम्युएल बेकेटच्या ‘वेटिंग फॉर गोदो’मधले (पहिला प्रयोग पॅरिस, १९५३) बूट घ्या. एस्ट्रागॉन आणि व्लादिमिर हे दोन भटके गोदोची वाट पाहत असतात. पडदा उघडतो तेव्हा एस्ट्रागॉन बूट ओढून काढायला धडपडतोय. निघत नाही. ‘काही करता येत नाही,’ असं तो म्हणतो. तो बोलतोय बुटाबद्दल, पण व्लादिमिर ते आयुष्याबद्दल म्हणून ऐकतो आणि तिथूनच बोलणं पुढे नेतो. पायातला बूट आणि जगण्याची हतबलता एकाच वाक्यात येतात, आणि त्यासाठी कुणाला तत्त्वज्ञान झाडावं लागत नाही.

पहिल्या अंकाच्या शेवटी एस्ट्रागॉन ते बूट तिथेच सोडतो. कुणीतरी लहान पायांचा येईल, त्याला होतील, असं म्हणतो. दुसऱ्या अंकात बूट तिथेच आहेत, पण तो म्हणतो हे माझे नाहीत. माझे काळे होते, हे तपकिरी आहेत. व्लादिमिर खोदून विचारतो तेव्हा काळे ‘करडे’ होतात आणि तपकिरी ‘हिरवट’. आधी चावणारे बूट आता सैल पडतात. कालचा दिवस खरंच झाला का, ही शंका प्रेक्षकाच्या मनात पेरली जाते ती अशी, एका जोडीच्या रंगावरून. ‘बूट म्हणजे दुःख’ एवढंच लिहून मोकळं झालात तर हे सगळं निसटतं.

उपाय साधा आहे. प्रत्येक वस्तूसाठी वहीत चार रकाने आखा: ती पहिल्यांदा कधी येते, कुणाच्या हातात असते, तिचं काय केलं जातं, पुढच्या वेळी तिच्यात काय बदल असतो. वाटेत भेटणारा मालक पोझो आणि त्याने दोरीला बांधलेला नोकर लकी, या दोघांमधली दोरी दुसऱ्या अंकात बरीच आखूड झालेली असते, कारण पोझो आता आंधळा आहे. दोरी कुणी कुणाला बांधली आहे, या प्रश्नाचं उत्तर तिथे डळमळायला लागतं. लकीच्या सामानातल्या बॅगेत वाळू आहे, हेही तेव्हाच कळतं. झाडाला चार-पाच पानं फुटलेली असतात. ही आशा की थट्टा, यावर वाद जरूर घाला, पण आधी पानं मोजा.

रंगसूचना गाळणं

ही मला सर्वांत घातक वाटणारी चूक. पहिल्या अंकाच्या शेवटी ‘जायचं का?’ असं एस्ट्रागॉन विचारतो आणि ‘हो, जाऊ या’ असं व्लादिमिर म्हणतो. दुसऱ्या अंकाच्या शेवटी संवाद तेच, बोलणारे मात्र उलटे. दोन्ही वेळा खाली सूचना आहे की ते हलत नाहीत. नुसते संवाद वाचणाऱ्याला वाटतं, दोघं निघाले! कंसातला मजकूर संवादाइतकाच हळू वाचा. विराम लिहिलाय तिथे खरोखर थांबा, शक्य झालं तर दोघांनी मिळून मोठ्याने वाचा.

पात्रांचा पूर्वेतिहास शोधणं

व्लादिमिर पूर्वी काय करायचा, पोझोचं घराणं कोणतं, असले प्रश्न वास्तववादी नाटकाला विचारावेत. इथे पात्रं जोडीनं उभी असतात, तेव्हा एकाला दुसऱ्याशेजारी ठेवून पाहा. एक टोपीत डोकावतो, दुसरा बुटात. एकाला काल आठवतो, दुसरा विसरतो. लकीला विचार करायला टोपी लागते आणि ती काढून घेताच त्याचं भाषण थांबतं. व्यक्तिचित्रण इथे वस्तूंमधूनच होतं, म्हणून पात्रं आणि प्रॉप्स (रंगमंचावरच्या वस्तू) यांची टिपणं वेगवेगळी काढू नका.

‘निरर्थक’ म्हणजे काहीही चालतं, असं समजणं

एजेन आयनेस्कोच्या ‘द बाल्ड सोप्रानो’च्या (१९५०) सुरुवातीला घड्याळ सतरा ठोके देतं आणि मिसेस स्मिथ म्हणते, नऊ वाजले. हे वेडगळ वाटतं, पण बांधणी काटेकोर आहे. त्याच्याच ‘द चेअर्स’मध्ये (१९५२) न दिसणाऱ्या पाहुण्यांसाठी खुर्च्या येत राहतात, रंगमंच भरत जातो आणि माणसांची गैरहजेरी डोळ्यांना दिसू लागते. दिग्दर्शकाने तिथे खुर्च्या कमी केल्या तर नाटकच कमी होतं.

‘ॲब्सर्ड’ हे लेबलही जपून वापरा. समीक्षक मार्टिन एस्लिनने १९६१ च्या पुस्तकातून ते रूढ केलं. या लेखकांनी एकत्र बसून काही जाहीरनामा काढलेला नव्हता. त्यामुळे बेकेटचं उत्तर आयनेस्कोला लावू नका.

आणि हसू आलं तर दाबू नका. इंग्रजी आवृत्तीत बेकेटने ‘गोदो’ला शोक-सुखात्मिका म्हटलंय. शेवटाकडे गळफासासाठी कमरेची दोरी सोडताच एस्ट्रागॉनची पँट घोट्यापर्यंत घसरते, आणि ताणून पाहताना ती दोरी तुटतेही. टिपणात मरणाचा विचार आणि घसरलेली पँट एकाच परिच्छेदात यायला हवेत.