तोच पत्ता पुन्हा पुन्हा टाइप करू नका

घरचा पत्ता, ईमेल आयडी, ब्लॉगपोस्टच्या शेवटी येणाऱ्या त्याच दोन ओळी, हे सगळं रोज फोनवर टाइप करायचं किंवा जुन्या मेसेजमधून शोधून कॉपी करायचं म्हणजे नुसता वैताग. अँड्रॉइड फोनवरच्या जीबोर्डमध्ये, म्हणजे गूगलच्या कीबोर्डमध्ये, यावर मस्त सोय आहे, पण बरेच जण तिकडे फिरकतच नाहीत.

१. कीबोर्ड उघडा, वरच्या पट्टीतल्या गिअरवर टॅप करा (दिसत नसेल तर चार चौकोनांच्या आयकॉनमध्ये बघा).
२. डिक्शनरी, मग पर्सनल डिक्शनरी. भाषा विचारेल तिथे ऑल लँग्वेजेस घ्या.
३. प्लस दाबून वरच्या रकान्यात पूर्ण मजकूर टाका आणि खालच्या शॉर्टकटमध्ये छोटं काहीतरी, उदाहरणार्थ 'पप'.

झालं. आता कुठेही 'पप' टाइप केलं की वरच्या सजेशनमध्ये अख्खा पत्ता येतो, पिनकोडसकट, त्यावर टॅप करायचं. शॉर्टकट मात्र असा निवडा की जो खरा शब्द नसेल, 'घर' ठेवलंत तर साधं घर लिहिताना पण पत्ता डोकावत राहणार. माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा होतो तो 'नमस्कार, आपला मेल मिळाला, उद्यापर्यंत कळवतो' असल्या ठरलेल्या उत्तरांना.

आयफोनवाल्यांनी सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड, टेक्स्ट रिप्लेसमेंट असं जावं, तिथे स्पेस दिल्यावर मजकूर आपोआप बदलतो.

फक्त पासवर्ड, कार्ड नंबर, यूपीआय पिन यात अजिबात ठेवू नका, फोन दुसऱ्याच्या हातात गेला की ते उघडं दिसतं.