बंद पडलेल्या पीसीवरचं सॉफ्टवेअर नव्या मशिनवर नेताय? या चुका टाळा

पावसाळा सुरू झाला की ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या पीसी दुरुस्तीच्या काउंटरवर मदरबोर्ड उडालेले पीसी यायला लागतात. डिस्क बहुधा धडधाकट असते. मग गिऱ्हाईक खुशीत म्हणतं, "डिस्क चालू आहे ना? मग सॉफ्टवेअर तेवढं कॉपी करून द्या." खरी मारामारी तिथून पुढे.

'प्रोग्रॅम फाइल्स'चं फोल्डर उचलून आणणं

सगळ्यांची लाडकी चूक. जुनी डिस्क केबलने नव्या मशिनला लावायची, फोल्डर रात्रभर कॉपीला टाकायचं आणि सकाळी आयकॉनवर डबल क्लिक करून तोंड पाडून बसायचं. इन्स्टॉल होताना प्रोग्रॅम एका जागी बसत नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, नोंदी करतो, प्रोग्रॅमडेटा आणि ॲपडेटा या लपवलेल्या फोल्डरांत सामान ठेवतो, काही डीएलएल (प्रोग्रॅमला लागणाऱ्या मदतनीस फाइल्स) विंडोजच्या पोटात टाकतो, एखादी सर्व्हिस चालू करतो. हे सगळं मागेच राहतं. पुनर्विकासाला गेलेल्या बिल्डिंगमधली शेगडी नव्या फ्लॅटच्या ओट्यावर ठेवली म्हणून गॅसची लाइन जोडली जात नाही. 'जुनी रजिस्ट्रीही नव्यात घाला' असं सांगणारे व्हिडिओवाले आहेत. त्यांच्या नादी लागलेली मशिनं माझ्याकडे फॉरमॅटला येतात.

मी प्रोग्रॅम आणायच्या भानगडीतच पडत नाही. जुनी डिस्क लावली की त्या फोल्डरमधली नावं वाचून वहीत यादी करतो, कारण आपण काय काय वापरतो हे गिऱ्हाइकाला कधीच आठवत नाही. प्रत्येक नावापुढे लिहितो: डेटा कुठे, लायसन्स कसलं, नोंदणी कुठल्या ईमेलवर. सेटअप कंपनीच्या साइटवरून नवा घ्यायचा, जुन्या डिस्कवरून फक्त डेटा.

उघडलं म्हणजे आलं असं समजणं

काही प्रोग्रॅम नुसतं फोल्डर कॉपी केलं तरी उघडतात, आणि तेच जास्त घातक. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपचा पीसी जुलैत गेला. मालकाच्या भाच्याने टॅलीचं, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं, फोल्डर नव्या मशिनवर टाकलं. टॅली उघडली, कंपनी दिसली, भाचा हिरो. लायसन्स नसल्यामुळे ती एज्युकेशनल, म्हणजे शिकण्यापुरत्या, मोडमध्ये उघडली होती, आणि त्या मोडमध्ये जुलैच्या एंट्र्या १, २ आणि ३१ याच तारखांना घेते. पठ्ठ्याने १२ तारखेचं बिल २ ला टाकलं, १९ चंही २ ला. विक्री १ ला, खरेदी २ ला. म्हणजे माल यायच्या आधीच विकला गेला आणि स्टॉक उणे दिसायला लागला. बँकेचं स्टेटमेंट कशाशीच जुळेना. जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या जीएसटी रिटर्नची, ११ तारीख तोंडावर आली तेव्हा भाच्याचा फोन, "दादा, टॅली आलीय हो, फक्त तारीख नीट घेत नाहीये."

जुनं मशीन चालू असेल तर आधी तिथे लायसन्स सरेंडर, म्हणजे परत, करायचं, मग नव्यावर ॲक्टिव्हेट. मशीनच मेलं असेल तर रीसेट करता येतं, पण नोंदवलेला ईमेल आपल्या हातात हवा. इथे तो निघाला कधीच नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा, तोही त्याचा स्वतःचा. माणूस भला, फोनवर थांबून त्याने सगळं करून दिलं. एंट्र्या मात्र बिलं समोर ठेवून एकेक दुरुस्त कराव्या लागल्या. भाचा तेव्हा नेमका गावाला गेला होता.

आज घरी किंवा ऑफिसात एवढं बघाच: तुमची लायसन्सं कुणाच्या ईमेलवर आहेत?

बिटलॉकरची की माहीत नसणं

नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कचं एन्क्रिप्शन, म्हणजे बिटलॉकरचं कुलूप, बरेचदा आपोआप चालू असतं. डिस्क काढून दुसरीकडे लावली की ती ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ही की सहसा मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सापडते. पण "अकाउंट दुकानदारानेच काढून दिलं होतं" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! की नाही तर डेटा नाही, माझ्यावर ओरडून काही होत नाही.

जुनी डिस्कच नव्या मशिनमध्ये बसवणं

विंडोज १० कधीकधी उठतंही. पण मशिनसोबत आलेलं विंडोजचं लायसन्स जुन्या बोर्डाला बांधलेलं असतं, आणि हार्डवेअर बदललेलं दिसलं की बाकीचे प्रोग्रॅमही लायसन्स मागायला लागतात. डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर बरेच नवे बोर्ड तिच्यावरून बूटच होत नाहीत. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. एवढा खटाटोप कशासाठी?

टकटक वाजणाऱ्या डिस्कवर चेकडिस्क चालवणं

नको. विंडोजचं हे डिस्क तपासायचं टूल मरायला टेकलेल्या डिस्कला आणखी राबवतं. मशीन बंद करा आणि डिस्क डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

डोंगल भंगारात देणं

लग्नपत्रिका, बॅनर करणाऱ्या डीटीपीवाल्यांसाठी हे खास. मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे लायसन्सची यूएसबी किल्ली, कॅबिनेटच्या मागे लागलेला असतो आणि कॅबिनेटसकट भंगारवाल्याकडे जातो. सीडी आहे, बिल आहे, डोंगल नाही, म्हणजे काहीच नाही. दुसरं, विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं आणि त्यावर १६ बिटचे जुने सेटअप चालतच नाहीत. अशांना मी व्हर्च्युअल मशिनमध्ये, म्हणजे पीसीच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पीसीत, जुनं विंडोज टाकून देतो. हळू चालतं, पण चालतं.

क्रोमचं प्रोफाइल फोल्डर कॉपी करून पासवर्ड येत नाहीत, ते जुन्या विंडोजच्या लॉगिनशी जोडून कुलूपबंद असतात. डिजिटल सिग्नेचर पेन ड्राइव्हसारख्या टोकनमध्ये असते, पीसीत नाही. नव्या मशिनवर टोकनचा ड्रायव्हर टाका, नवी सही विकत घ्यायला धावू नका. आणि पेन ड्राइव्हवर 'सगळी सॉफ्टवेअरं' घेऊन फिरणारा मित्र आला तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. जो सेटअप आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतो, तो मी माझ्या टेबलावर येऊ देत नाही.

जुनी डिस्क लगेच फॉरमॅट करणं

नवं मशीन चालू झालं की दुसऱ्याच दिवशी डिस्क एक्स्चेंजमध्ये द्यायची घाई सुटते. त्याआधी प्रत्येक प्रोग्रॅममध्ये जुनी फाइल उघडून, प्रिंट काढून बघा. मी डिस्कवर मार्करने तारीख आणि 'फॉरमॅट नको' असं लिहून ती गिऱ्हाइकाच्या हातात देतो. व्यापारी असेल तर वर्षाचं रिटर्न भरून होईपर्यंत ती कपाटात ठेवायला सांगतो.